जुन्या गिटारचे बारीक चरे आणि हरवलेली चकाकी

वापरलेली गिटार घरी आणून खिडकीशी धरली की पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे आणि पुढच्या फळीवर पिकचे चरे दिसू लागतात. मग चरे घासून चकाकी आणणाऱ्या पॉलिशिंग कंपाउंडची डबी शोधली जाते. त्याआधी एवढे वाचा.

चरा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचा फिनिशचा, म्हणजे लाकडावरच्या लेपाचा, थर घासून खाली आणावा लागतो, तेव्हा तो दिसेनासा होतो. चांगल्या अकूस्टिक गिटारवर हा थर साधारण 0.1 ते 0.15 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एखाद्या कागदाच्या जाडीचा असतो. म्हणून आमच्या दुकानात आम्ही स्वतः शक्य तितके कमी घासतो.

सुरुवात पुसण्यापासून करा. मंदपणा बऱ्याचदा चऱ्यांचा नसतोच, घाम आणि धूळ मिळून बसलेल्या पुटाचा असतो. जुन्या बनियनचे शिवण नसलेले कापड ओले करून घट्ट पिळा, हलक्या हाताने पुसा आणि लगेच कोरडे करा. चिकट डागावर तोंडाची वाफ सोडून पुसले तरी पुष्कळ निघते. भेग असेल तिथे मात्र पाणीही नको आणि पॉलिशही नको.

आता चऱ्यावरून आडवे नख फिरवा. नख अडकले तर तो घासून काढण्याचा चरा नाही, गिटार आमच्याकडे घेऊन या. अडकले नाही, तर फिनिश कोणते ते पाहा. मॅट असेल तर हात लावू नका. घासलेली जागा तेवढीच चकाकते आणि तो डाग परत मॅट करणे फार अवघड जाते. हल्लीच्या बहुतेक चकचकीत गिटारांवर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पॉलिएस्टर असते, ते कणखर. जुन्या अमेरिकन गिटारांवरचे नायट्रोसेल्युलोज लॅकर थिनरने विरघळते, आणि स्टँडच्या रबरानेही त्यावर डाग पडतात. हाती घडवलेल्या क्लासिकल गिटारवर अनेकदा फ्रेंच पॉलिश असते. आपले सुतार फर्निचरला चपडा लावतात, तीच ही लाख. ती अल्कोहोलमध्ये विरघळते, त्यामुळे सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हातांनी ती गिटार उचलू नका. ही दोन्ही फिनिश घरी घासू नयेत.

पीयू किंवा पॉलिएस्टर असेल तर अगदी बारीक, सिलिकॉन नसलेले कंपाउंड वाटाण्याएवढे घ्या. सिलिकॉन भेगांतून लाकडात उतरते आणि पुढे कधी नवा थर द्यायचा झाला तर तो नीट बसत नाही. आधी पाठीच्या कोपऱ्यात करून पाहा. एका वेळी तळहाताएवढीच जागा घ्या, मिनिटभर हलके घासा, पुसा, ट्यूबलाइटखाली तिरपे धरून बघा. चरा पुसट झाला की थांबा. कडांवर थर सर्वांत पातळ असतो, तिथे घासूच नका. ड्रिलला फोम लावूनही नको, उष्णतेने फिनिश मऊ पडते. टूथपेस्ट आणि खोबरेल तेल गिटारपासून लांबच ठेवा. रोझवुडच्या फ्रेटबोर्डवर, म्हणजे तारांखाली बोटे दाबायच्या पट्टीवर, सहसा थर नसतो, तिथे हे कंपाउंड लागता कामा नये.

गिटार दुकानात आणलीत तर कोणता चरा जाईल आणि कोणता राहील, हे काम हाती घेण्याआधी तुमच्यासमोर दाखवतो. जुन्या लॅकरला पडलेल्या केसासारख्या भेगा मात्र आम्ही घासत नाही. त्या पूर्ण थरातून गेलेल्या असतात. त्या घालवायच्या म्हणजे मूळ फिनिशच खरवडायचे, आणि ते काम आम्ही घेत नाही.