कार्डशीटवरचा विचार कसा तपासायचा?

समजा, मुंबईतल्या एखाद्या शाळेत आठवीच्या वर्गाला विषय दिलाय: ‘मुंबई का तुंबते?’ एका पोस्टरवर स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली रंगीत चित्रं, चमकीची किनार, सुबक अक्षर. दुसरं कोलाज, गोंदाचे डाग पडलेलं. पण त्यात शहराच्या नकाशावर २६ जुलै २००५ च्या पावसाचे दोन आकडे चिकटवलेत: सांताक्रूझ ९४४ मिलिमीटर, कुलाबा ७३. शेजारी भरतीच्या वेळांचं कात्रण आणि तिथून एक बाण माहीमच्या खाडीकडे, जिथे मिठी नदी समुद्राला मिळते.

गुण बहुधा पहिल्याला जास्त पडतील. त्यात बाईंचा आळस नसतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लष्करातल्या शेऱ्यांचा अभ्यास मांडला. अधिकारी हाताखालच्या माणसांची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व यांना वेगवेगळे गुण देत, तरी ते एकमेकांशी नको इतके जुळत. एका वैशिष्ट्याचं वलय बाकीच्यांवर पसरत होतं. चमकीचंही तसंच होतं.

म्हणून एकेक पोस्टर पूर्ण तपासण्यापेक्षा एकेक निकष सगळ्या वर्गाचा तपासावा. आधी सगळ्यांची माहिती, मग सगळ्यांचा कार्यकारणभाव, शेवटी मांडणी. मांडणीला गुण हवेतच, पण वेगळे. आणि निकष काम देतानाच फळ्यावर लिहावेत.

कोलाज तपासणं मला सगळ्यात रंजक वाटतं, कारण तिथे दोन कात्रणं शेजारी लावणं हेच विधान असतं. मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाचा हिशोब धरून बांधलेली, तोही ओहोटी असताना. भरतीला समुद्राची पातळी चढते आणि पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही. पाऊस आणि भरती एकमेकांना खेटून चिकटवणाऱ्या मुलीला हे उमगलंय का, की जागा रिकामी होती म्हणून कात्रण तिथे गेलं? नुसतं बघून कळणार नाही. विचारायचं, ‘हे इथेच का लावलंस?’ काम घरच्या कुणी करून दिलं असेल, तर तेही या उत्तरात कळतं.

दोन शिक्षक असतील तर आणखी एक वाट आहे. मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांनी १९२७ मध्ये तुलनात्मक निर्णयाचा नियम मांडला. त्यावर उभी असलेली आजची पद्धत सांगते, की दहापैकी सात की आठ हे ठरवताना माणूस डगमगतो. दोन कामं समोर ठेवून कोणतं सरस, हे तो जास्त ठामपणे सांगतो. अशा बऱ्याच जोड्यांवरून क्रम लावता येतो.

आणि शेरा? शिक्षणाच्या मानसशास्त्राच्या अभ्यासक रूथ बटलर यांच्या १९८८ च्या प्रयोगात ज्या मुलांना फक्त शेरा मिळाला, त्यांचं पुढचं काम सुधारलं. शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांना तो फायदा दिसला नाही. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या तपासणीच्या, नोंदवहीत गुण भरावे लागतातच. ते नंतर भरावेत. पोस्टर परत देताना त्यावर एक प्रश्न लिहावा आणि तो सोडवायला मुलांना एक तास द्यावा.