पाळीचा हिशेब कोणाच्या वहीत?

पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवस आणि पाळीपासून पाळीपर्यंतही साधारण तितकेच. एवढ्या एका योगायोगावर बाईचं शरीर शतकानुशतकं चंद्राला बांधलं गेलं. डार्विननेही 1871 मध्ये सुचवलं होतं, की हा भरती-ओहोटीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आदिम पूर्वजांचा वारसा असावा. पण उंदराचं चक्र चार-पाच दिवसांचं, गायीचं एकवीस आणि चिंपांझीचं पस्तीसहून अधिक. चंद्र तर सगळ्यांना एकच आहे! सहा लाखांहून अधिक चक्रांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी 29.3 दिवस आली, आणि सगळीकडे छापला जाणारा ‘28 दिवसां’चा आकडा जेमतेम 13 टक्के चक्रांना लागू पडला.

तरीही चंद्राने फारसं नुकसान केलं नाही. ते केलं कुत्रीने, म्हणजे तिच्यावरून काढलेल्या अनुमानाने. सस्तन प्राण्याचं बीजांड कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी 1827 मध्ये पहिल्यांदा पाहिलं, तेही कुत्रीत. माजावर आलेल्या कुत्रीला रक्तस्राव होतो आणि गर्भही त्याच सुमारास राहतो. मग बाईची पाळी म्हणजेच तिचा माज, असं एकोणिसाव्या शतकातल्या वैद्यकाने धरून टाकलं. त्यामुळे गर्भ टाळू पाहणाऱ्या जोडप्यांना डॉक्टर महिन्याचा मधला काळ ‘सुरक्षित’ म्हणून सांगत राहिले. नेमका तोच काळ गर्भधारणेचा! किती बाळंतपणं या सल्ल्यावर झाली असतील, कोण मोजणार?

‘निसर्गाने बाईला असंच घडवलंय’ हे वाक्यही याच काळात शास्त्राचा झगा घालून आलं. 1872 मध्ये अमेरिकी शल्यविशारद रॉबर्ट बॅटी यांनी पाळीच्या आणि ‘मज्जातंतूंच्या’ तक्रारींसाठी धडधाकट बीजांडकोश काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. तिचं लोण युरोपातही पोहोचलं. पुढच्याच वर्षी बोस्टनचे डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी इशारा दिला, की पाळीच्या वयात मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर त्यांची जननेंद्रियं खुरटतील. याला उत्तर दिलं मेरी पटनम जेकोबी या डॉक्टर बाईंनी. त्यांनी केलं ते इतकं साधं होतं, की आधी कुणाला का सुचलं नाही याचंच नवल वाटावं. त्यांनी बायकांना विचारलं. अडीचशेहून अधिक जणींची उत्तरं जमवली, नाडी, तापमान, ताकद मोजली आणि पाळीत सक्तीच्या विश्रांतीची गरज नसते, असं दाखवलं. या निबंधाला 1876 मध्ये हार्वर्डचं पारितोषिक मिळालं. हार्वर्डचं वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा बायकांना प्रवेश देत नव्हतं, हे ओघाने आलंच.

मधल्या दिवसांचं कोडं सुटायला 1920 चं दशक उजाडलं. जपानचे क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला आले: बीजांड बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी. मोजायचं उलटं होतं, आणि पुढची पाळी कधी येईल हे आधी कळत नाही. ओगिनो यांचा स्वतःच्या शोधाचा गर्भ टाळण्यासाठी वापर करायला विरोध होता. तो भरवशाचा नाही हे त्यांना ठाऊक होतं. कॅथलिक चर्चने मात्र तो ‘नैसर्गिक’ म्हणून स्वीकारला.

गर्भनिरोधक गोळीचे जनकही निसर्गाच्या मोहातून सुटले नाहीत. एकवीस दिवस गोळ्या आणि सात दिवस खंड या रचनेत येणारा रक्तस्राव ही खरी पाळी नसते. संप्रेरकं बंद झाल्याने गर्भाशयाचं अस्तर सुटतं, इतकंच. तो ठेवला, कारण गोळी स्वाभाविक वाटायला हवी होती. जॉन रॉक हे श्रद्धाळू कॅथलिक डॉक्टर तर म्हणत, की गोळी शरीराचा सुरक्षित काळच लांबवते. पोपना ते पटलं नाही. 1968 मध्ये गोळी निषिद्ध ठरली.

तोवर चाचण्यांची किंमत दुसऱ्याच बायकांनी मोजली होती. 1956 पासून प्वेर्तो रिकोत गरीब वस्त्यांमधल्या बायकांना आजच्या कितीतरी पट मात्रेच्या गोळ्या दिल्या गेल्या. हा प्रयोग आहे, हे त्यांना नीट सांगितलं नव्हतं. मळमळ, चक्कर, डोकेदुखी असा त्रास 17 टक्के बायकांना होतो, तेव्हा गोळी सरसकट देण्याजोगी नाही, असं तिथल्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळवलं. वरिष्ठांनी तो मनाचा खेळ ठरवला. 1970 मध्ये अमेरिकी सिनेटने गोळीच्या धोक्यांवर सुनावणी घेतली, तर गोळी घेणारी एकही बाई साक्षीला बोलावली नव्हती. प्रेक्षकांत बसलेल्या तरुणींनी उठून गोंधळ घातला. त्यानंतर गोळीच्या पाकिटात धोक्यांचं पत्रक आलं.

हिशेब ठेवणारा डॉक्टरच असतो असं नाही. रोमानियात 1966 च्या फर्मानाने गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आली, आणि 1980 च्या दशकात कारखान्यांतल्या बायकांची सक्तीची तपासणी होऊ लागली. दिवस गेल्याची नोंद झाली, की पाळत सुरू. डिसेंबर 1989 मध्ये राजवट कोसळल्यावर रद्द झालेल्या पहिल्या कायद्यांत हे फर्मान होतं. 1994 मध्ये कैरोत भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या परिषदेत 179 देशांनी मुलं किती आणि कधी हे ठरवण्याचा हक्क मान्य केला, तरी त्याची अंमलबजावणी देशोदेशी वेगळीच राहिली.

आता नोंद फोनवर होते. बाई स्वतः लिहिते, म्हणून वही तिची वाटते. पण एका लोकप्रिय ॲपने गुप्ततेचं आश्वासन देऊनही वापरकर्त्यांची माहिती जाहिरात-विश्लेषण करणाऱ्या कंपन्यांना पुरवल्याच्या आरोपावर 2021 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड केली. जून 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचं घटनात्मक संरक्षण काढून घेतलं, आणि चुकलेल्या पाळीची नोंद पुरावा ठरेल या धास्तीने अनेक बायकांनी ही ॲप फोनवरून काढून टाकली.