संवेदक बंद पडला तरी नोंद उरावी

डोंगरउतारावर किंवा पुलाच्या पोटात बसवलेला बिनतारी संवेदक अगदी थोड्या शिदोरीवर जगतो. संशोधनात भरपूर वापरला गेलेला टेलॉस-बी हा नोड, म्हणजे असा एक संवेदकच पाहा: दोन पेन्सिल सेल, 10 किलोबाइट रॅम आणि नोंदींसाठी 1 मेगाबाइट फ्लॅश. त्याचा रेडिओ बोलताना सुमारे 17 मिलिअँपिअर वीज घेतो, ऐकताना सुमारे 19. म्हणजे नुसते कान उघडे ठेवणंही बोलण्याइतकंच महाग! म्हणून असे नोड बहुतेक वेळ रेडिओ बंद करून झोपतात.

सगळ्या नोंदी स्वतःजवळच ठेवल्या तर वीज वाचते. पण आत पाणी शिरलं की नोडबरोबर नोंदीही जातात. मग शेजाऱ्याकडे प्रत ठेवावी, असं पटकन सुचतं. ते पुरेसं नाही.

समजा, 27 आणि 31 या दोन नोंदी आहेत. प्रत्येकीच्या दोन प्रती चार नोडांवर ठेवल्या. 27 सांभाळणारे दोघेही बंद पडले, तर ती नोंद कायमची गेली. आता त्याच चार जागी 27, 31, त्यांची बेरीज 58 आणि 27मध्ये 31ची दुप्पट मिळवून येणारे 89 ठेवा. कोणतेही दोन नोड जाऊ द्या. उरले 58 आणि 89? वजाबाकी केली की 31 मिळतात, आणि 58मधून 31 गेले की 27. जागा तेवढीच, भरवसा मात्र कितीतरी जास्त. मला हे शाळेतलं गणित इथे भेटतं तेव्हा फार आनंद होतो. प्रत्यक्षात ही आकडेमोड सान्त क्षेत्रात, म्हणजे मोजक्याच संख्यांच्या बंदिस्त गणितात करतात, त्यामुळे उत्तर ठरलेल्या बाइटांतच मावतं. अर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी 1960 मध्ये मांडलेल्या, हरवलेली माहिती परत मिळवून देणाऱ्या संकेतांमागेही (कोड) हेच गणित आहे.

याची किंमत रेडिओ मोजतो. 58 तयार करायला दोन्ही नोंदी त्या नोडपर्यंत पोचाव्या लागतात, आणि हरवलेला तुकडा पुन्हा घडवायला दोन ठिकाणांहून माहिती आणावी लागते. शेजारच्या नोडला पाठवणं स्वस्त. पण वणवा आला तर शेजारीही जळतो. दूर पाठवावं, तर वाटेतल्या प्रत्येक नोडचा सेल झिजतो. माझ्या मते खरी कसोटी इथेच आहे.

यावर एक सुंदर तोड आहे. प्रत्येक नोडने कानावर येईल ती नोंद एका यादृच्छिक संख्येने गुणायची आणि आपल्याजवळच्या बेरजेत मिळवायची. सोबत ती संख्याही लिहून ठेवायची. कुणी कुणाला विचारायचं नाही, मध्यवर्ती हुकूम नाही. पुढे माहिती गोळा करणाऱ्याने जिवंत नोडांकडून पुरेशी समीकरणं घ्यायची आणि सोडवायची. ते काम त्याच्या मोठ्या संगणकावर होतं, तिथे विजेची ददात नसते.