एक जूनवाल्यांची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची एक अख्खी पिढी आहे, आणि तिच्यातल्या बहुतेकांचा जन्म त्या दिवशी झालेला नाही. एसटीचे चालक-वाहक, हवालदार, तलाठी, साखर कारखान्यातले कामगार, खुद्द प्राथमिक शिक्षक. साधारण १९४० ते १९८० या काळात गावाकडे जन्मलेल्या पाच-सहा जणांचे दाखले एकत्र ठेवले तर त्यात एखादा तरी एक जूनवाला निघतोच. अलीकडे त्या दिवशी सकाळपासून मोबाइलवर शुभेच्छांची रांग लागते आणि सोबत ‘आज जागतिक वाढदिवस’ अशा थट्टेचे संदेशही फिरतात. ही थट्टा मला पटत नाही. ज्यांच्या जन्माची नोंद कुणी ठेवली नव्हती, त्यांना शाळेत घेण्यासाठी ही तारीख लिहिली गेली.

तारखेने वाढदिवस करण्याची रीतच मुळात आपल्याकडे फार जुनी नाही. जुना हिशेब तिथीचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपुरात लिहिल्या गेलेल्या ‘धर्मसिंधू’त वर्धापनाचा विधी दिलेला आहे. जन्मतिथीला अभ्यंगस्नान करावे, कुलदेवता आणि जन्मनक्षत्राची पूजा करावी, मार्कंडेय आणि अश्वत्थाम्यापासूनच्या चिरंजीवांचे स्मरण करावे, तीळ-गूळ घातलेले दूध प्यावे. त्या दिवशी नखे-केस कापू नयेत, प्रवास करू नये, भांडू नये, असाही दंडक आहे. पण यासाठी तिथी ठाऊक हवी, तिथीसाठी पत्रिका हवी, आणि पत्रिका मांडून घेणारी घरे मूठभर. बाकीच्या घरांत मूल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मायचे, मानमोडीच्या (१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या) साथीत जन्मायचे, पानशेत फुटले त्या साली, कोयनेचा भूकंप झाला त्या थंडीत, नाहीतर बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जात होती तेव्हा. त्या दिवशी पाऊस होता की ऊन, सुईण कोण होती, घरात दाणे होते की नव्हते, हे सगळे आईला पक्के आठवत असे. सरकारी रकान्यात बसेल असे त्यात काही नव्हते, एवढेच.

सरकारदरबारी नोंदच होत नव्हती असे मात्र नाही. गावोगाव जन्म-मृत्यूची वही होती, तिला गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक म्हणतात. त्यातल्या जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत. अडचण अशी, की नोंद व्हायची तेव्हा बारसे झालेले नसायचे. त्यामुळे ओळीत बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी आणि दिवस एवढेच सापडते, बाळाचे नाव बहुतेकदा नसते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी या वह्या तालुक्या-तालुक्यांत बाहेर काढल्या गेल्या, तेव्हा अनेकांनी त्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या. एका बापाला चार मुलगे असतील तर त्यातला आपला आजोबा कोणता, हे त्या ओळीवरून ठरवणे अवघड जाते. शिवाय वही तालुक्याला आणि मूल वस्तीवर. शाळेत नाव घालताना तिचा उतारा आणायला कोण जाणार?

खरी गोष्ट घडली ती शाळेच्या ओट्यावर. मुंबई राज्यात १९४७ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची चौकट आली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. वाड्या-वस्त्यांवर एकशिक्षकी शाळा निघाल्या. पट भरायची जबाबदारी गुरुजींवर होती. ते जूनमध्ये घरोघर, शेताच्या बांधापर्यंत फिरत आणि गुरांमागे जाणारी पोरे गोळा करून आणत. पहिलीला सहा वर्षे पूर्ण हवीत. जन्मतारीख विचारली की आई म्हणायची, पेरणी चालली होती बघा तवा.

मग ती सगळ्यांना ठाऊक असलेली परीक्षा. उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान धरायचा. बोटे कानाला टेकली की सहा पूर्ण. टेकली नाहीत तर पुढच्या साली. टेकली की गुरुजी दाखल-खारीज रजिस्टर उघडत, चालू सालातून सहा वजा करत आणि जन्मतारखेच्या रकान्यात १ जून लिहीत, आधी अंकी आणि मग अक्षरी, ‘एक जून एकोणीसशे अठ्ठावन्न’. तो रकाना कोरा ठेवायची सोय नव्हती. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई आणि वय पूर्ण वर्षांत मोजायचे, म्हणून हीच तारीख हिशेबाला सर्वांत सोपी. उत्तरेत जिथे शाळा जुलैत उघडत, तिथे १ जुलैवाले पुष्कळ आढळतात. म्हणजे मराठी गुरुजींच्याच आळसाची ही कथा आहे, असा जो सूर लागतो त्याला अर्थ नाही.

ही नोंद खोटी होती का, यावर आजही वाद झडतो. एक बाजू म्हणते, शिक्षकाने खात्री न करता सरकारी कागदावर तारीख घातली आणि त्याची किंमत मुलाने जन्मभर मोजली. ही किंमत खरी आहे, तिच्याकडे पुढे येतो. काही ठिकाणी पुढे नोकरीला बरे पडेल म्हणून बापाच्या सांगण्यावरून जाणूनबुजून वर्ष-दोन वर्षे कमी लावली गेली, हेही खरे, आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. एकाच घरातल्या दोन भावांची एक तारीख अंदाजाची आणि दुसरी खरी असली, की दोघांत सहा-सात महिन्यांचेच अंतर निघते आणि कुठल्यातरी कार्यालयात बाबू त्यावर बोट ठेवतो.

पण दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. गुरुजींनी पुरावा मागितला असता तर त्या वर्गातली निम्मी पोरे परत गुरांमागे गेली असती. मुलींच्या बाबतीत तर बापाला नको म्हणायला तेवढे निमित्त पुरले असते. आज शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सांगतो, की वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. पन्नास-साठ वर्षे आधी वस्तीवरच्या शिक्षकाने हेच कायद्याचा आधार नसताना केले. त्याच्या हाती टाक होता आणि एक रकाना होता.

तारीख बदलून घेण्याची वाट होती, पण अरुंद. मूल शाळेत आहे तोवर अर्ज करून पुराव्यानिशी दुरुस्ती करता येई. शाळा सुटली की दाखल्यावरची तारीख पक्की. राज्य सरकारच्या नोकरीत लागल्यावर पाच वर्षांच्या आत अर्ज करावा असा नियम १९८१ पासून आहे, आणि निवृत्ती जवळ आल्यावर केलेले असे अर्ज न्यायालयांनीही वारंवार फेटाळले आहेत.

आता ती किंमत. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. वय ५८ पूर्ण, म्हणून एक जूनवाला ३१ मे रोजी घरी. त्यामुळे दर वर्षी ३१ मेला राज्यातल्या कार्यालयांतून, ठाण्यांतून आणि शाळांतून माणसे एकदम बाहेर पडतात. शाळांना तर तेव्हा उन्हाळी सुटी असते, म्हणजे गुरुजींचा निरोप रिकाम्या वर्गात. ज्याचा खरा जन्म त्याच सालच्या दिवाळीतला, त्याचा पाच-सहा महिन्यांचा पगार जातो. शिवाय वार्षिक वेतनवाढ १ जुलैची. ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांचे वर्ष पूर्ण भरलेले असते, म्हणून त्यांनाही ती वेतनवाढ द्यावी, या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एप्रिल २०२३ मध्ये आला. ३१ मेवाल्यांचे मात्र अकराच महिने भरतात, त्यांना त्या निकालाचा उपयोग नाही.

घरात ही तारीख साजरी व्हायला लागली ती फार उशिरा. या पिढीने आपल्या मुलांचे वाढदिवस सुरू केले, १९७०-८० च्या दशकांत, पाटाभोवती रांगोळी, निरांजन-सुपारी-अंगठीचे औक्षण, शिरा, आणि पुढे बेकरीतला केक. (ज्योत फुंकून विझवावी की नाही, हा वाद तेव्हापासूनचा.) स्वतःचा वाढदिवस त्यांना ठाऊकच नव्हता, तर करणार कोण? मग ३१ मेला सेवापूर्तीचा समारंभ होतो, शाल, श्रीफळ, सपत्नीक सत्कार, पाहुणेरावळे मुक्कामाला असतात आणि दुसऱ्या दिवशी सून म्हणते, ‘बाबा, आज तुमचा वाढदिवस ना, बसा पाटावर.’ अनेक घरांत साठीच्या उंबरठ्यावरचा हाच पहिला वाढदिवस. माणूस जरा अवघडतो, ही काही खरी तारीख नाही म्हणतो, आणि ओवाळून घेतो. त्यानंतर दर वर्षी घर त्याच तारखेला जमते.

पुढचे सोहळे चार माणसांत होतात. १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेत हास्ययोगाचा पहिला वर्ग भरला आणि पाहता पाहता गावोगावच्या मैदानांवर असे गट झाले. ज्येष्ठ नागरिकांचे संघ महिन्यातून एकदा त्या महिन्यातल्या सगळ्यांचे वाढदिवस एकत्र करतात. जूनची सभा सर्वांत मोठी. ज्याचा वाढदिवस त्याने बाकरवडी किंवा पेढे आणायचे असा शिरस्ता असेल, तर जूनमध्ये खाऊचे डबे उरतात. भजनी मंडळात एक जूनवाल्याच्या घरी त्या रात्री भजन ठेवतात, पखवाज-टाळ तिकडेच जातात. कॅरमच्या पटाभोवती, सकाळच्या फिरण्यात एकाच तारखेचे चौघे-पाचजण भेटतात तेव्हा खरी तिथी कुणाची कोणती, हा विषय निघतोच. पेरणीची, पोळ्याची, पुराची आठवण मग चौघांत सांगितली जाते. एरवी ती घरात कुणी विचारत नाही.

सहस्रचंद्रदर्शनाला पुन्हा हाच पेच. हजार पौर्णिमा गणिताने ८० वर्षे १० महिन्यांच्या आसपास भरतात. कुणी ऐंशी पूर्ण झाली की करतात, कुणी एक्याऐंशीव्यात. पण मोजायची कुठून? अशा घरांतून पाहुण्यांना रजा मिळेल असा मेअखेरचा मुहूर्त काढला जातो. माझ्या मते ते योग्यच आहे.

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १९७० पासून अंमलात आला, दवाखान्यातली बाळंतपणे वाढली आणि १ जूनच्या नोंदी हळूहळू आटल्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा. शाळेत कधीच न गेलेल्या आज्यांना मात्र १ जूनही मिळाला नव्हता. आधार काढताना वय अंदाजे सांगितले गेले आणि त्यांच्या कार्डावर नुसते साल किंवा १ जानेवारी आला. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे; ती पंच्याहत्तरी कार्डावरून मोजतात. त्यामुळे आता नातवंडे १ जानेवारीला आजीला ओवाळायला लागली आहेत.