०.५७७ पासून ६.५ पर्यंत : लांब पल्ल्याच्या रायफलीचं कॅलिबर कसं ठरत गेलं

पुतण्या टेक्सासला असतो. तिथल्या एका क्लबात तो १००० यार्डांवरची, म्हणजे ९१४ मीटरवरची नेमबाजी करू लागलाय आणि आता त्याला स्वतःच्या मापाची रायफल बनवून घ्यायची आहे. त्याने फोनवर एवढंच विचारलं, "काका, ३०८ घेऊ की ६.५?" हे आकडे कॅलिबरचे, म्हणजे नळीच्या आणि गोळीच्या जाडीचे : ३०८ म्हणजे ०.३०८ इंच, ६.५ म्हणजे साडेसहा मिलिमीटर. एका शब्दात उत्तर देता आलं असतं. पण हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे, त्याचं उत्तर अनेकदा बदललंय आणि प्रत्येक वेळी बदलायला वेगळं कारण होतं. ती कारणं ठाऊक असतील तर निवड आपली राहते, नाहीतर जाहिरात आपल्या वतीने निवडते.

सुरुवात १८५७ पासून करावी लागते. आपल्याकडे ते साल म्हटलं की बराकपूर, मंगल पांडे आणि चरबी लावलेली काडतुसं आठवतात. ती काडतुसं ज्या रायफलीची, ती १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड. ठासणीची, नळीचा व्यास ०.५७७ इंच. त्याच साली इंग्लंडमध्ये हाइथ इथल्या लष्करी नेमबाजी शाळेत तिला एका नव्या रायफलीसमोर उभं केलं गेलं. ती बनवली होती जोसेफ व्हिटवर्थ यांनी. हे मँचेस्टरचे यंत्रकार, इंचाचा दहा लाखावा भाग मोजणारं यंत्र तयार करणारे. त्यांच्यापुढे अट होती की गोळी ५३० ग्रेनची आणि दारू ७० ग्रेनची, सैन्यात चालते तेवढीच हवी. (ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग.) व्हिटवर्थनी नळी ०.४५१ इंचांवर आणली. वजन तेच ठेवून नळी अरुंद केली तर शिसं जाणार कुठे? लांबीत. त्यांची गोळी जाडीच्या जवळपास तिप्पट लांब झाली.

माझ्या मते कॅलिबरच्या सगळ्या इतिहासाचं मर्म इथेच आहे. आकडा आपण जाडीचा सांगतो, पण लांब पल्ल्यावर हवा कापण्याचं काम गोळीची लांबी करते. बारीक आणि लांब गोळीला तेवढ्याच वजनात वारा कमी अडवतो, तिचा वेग सावकाश उतरतो आणि ती बाजूला कमी ढकलली जाते. मात्र लांब गोळीला पीळही, म्हणजे स्वतःभोवतीची फिरकीही, जास्त लागतो. दोरी ढिली गुंडाळलेला भोवरा जसा डोलतो, तशी ती कमी फिरली तर हवेत डोलू लागते. एनफिल्डच्या नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचा, ७८ इंचांत एक फेरा घेत, व्हिटवर्थच्या षटकोनी नळीचा पीळ २० इंचांतच फेरा पुरा करी. हाइथला लांबच्या अंतरांवर एनफिल्ड साफ मागे पडली. तरीही सैन्याने व्हिटवर्थ घेतली नाही. ती महाग होती आणि अरुंद नळीत काळ्या दारूची काजळी लवकर साचायची.

ती घेतली नेमबाजांनी. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या माळावर ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा सुरू झाली. पहिली गोळी राणी व्हिक्टोरियाने झाडली. व्हिटवर्थ रायफल आधीच एका यांत्रिक घोडीवर रोखून ठेवलेली होती, राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. ४०० यार्डांवरच्या लक्ष्यात गोळी मध्यबिंदूपासून सव्वा इंचावर बसली.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. २६ सप्टेंबर १८७४, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचं क्रीडमूर हे मैदान. आयर्लंडचा संघ रिग्बीच्या ठासणीच्या रायफली घेऊन आला होता, अमेरिकनांकडे रेमिंग्टन आणि शार्प्सच्या मागून काडतूस भरायच्या रायफली होत्या. दोन्हीकडची कॅलिबरं ०.४४-०.४५ च्या घरातली, अंतरं ८००, ९०० आणि १००० यार्ड. मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाची एक गोळी अचूक मध्यात लागली, पण शेजारच्या लक्ष्याच्या. ते चार गुण गेले. शेवटी आयर्लंड ९३१, अमेरिका ९३० आणि अमेरिकेच्या कर्नल जॉन बोडाइनची एकच गोळी शिल्लक. थोड्याच वेळापूर्वी जिंजर बिअरची बाटली फुटून त्याचा हात कापला होता. रुमाल गुंडाळलेल्या हाताने त्याने मध्य साधला आणि सामना ९३४-९३१ असा फिरला. या दिवसामुळे क्रीडमूर हे नाव नेमबाजांच्या तोंडी कायमचं बसलं. मैदान मात्र पुढे उरलं नाही, त्या जागी आज मनोरुग्णालय आहे.

तोवर पीळ किती द्यायचा हे अंदाजाने आणि अनुभवाने चाले. १८७९ मध्ये इंग्लंडमधल्या वुलिच इथले गणिताचे प्राध्यापक आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी सोपं सूत्र दिलं : गोळीच्या व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी. सगळं इंचांत. उत्तर येतं ते एका फेऱ्याला लागणाऱ्या इंचांचं. आज याहून नेमकी गणितं आहेत, पण कागदाच्या चिटोऱ्यावर पहिला अंदाज घ्यायला मी अजून हेच वापरतो.

यानंतर कॅलिबर ठरवलं ते धुराने. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी धूररहित दारू बनवली. वेग वाढला, काजळीची अडचण संपली आणि नळ्या झपाट्याने आठ मिलिमीटरपर्यंत आणि त्याखाली आल्या. ब्रिटनने १८८८ मध्ये ०.३०३ घेतलं. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या दिसलेली थ्री नॉट थ्री ती हीच. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. एका निवृत्त सुभेदारांच्या शोकेसमध्ये मी तिथलं रिकामं पितळी काडतूस पाहिलंय. बुडाला ओठासारखी पुढे आलेली कड, तिच्यावर के आणि एफ ही अक्षरं, सालाचे दोन आकडे आणि रोमन सात. हा सात म्हणजे १९१० ची मार्क सात गोळी, टोकदार, १७४ ग्रेनची. तिच्या आधीची होती २१५ ग्रेनची, बोथट नाकाची.

हिंदुस्थानात मात्र शिकाऱ्याला कॅलिबर निवडण्याची मोकळीक नव्हती. लष्कराची काडतुसं भलत्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने खासगी रायफलींना लष्करी बोअर, म्हणजे नळीची लष्करी मापं, बंद केली. ०.४५० वर बंदी आली म्हणून इंग्लंडच्या कारागिरांनी ०.४७० आणि ०.४६५ काढली. खेड्यापाड्यांत परवान्यावर दिसणारी ३१५ सुद्धा, ०.३०३ चालत नव्हतं म्हणून रुजली. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातही निषिद्ध आणि अनिषिद्ध अशी विभागणी राहिलीच. आपल्याकडे ऑलिंपिकच्या वाटेवरच्या मुलांना तर हा प्रश्नच पडत नाही. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य मिळवलं, त्या प्रकारात नियमाने एकच काडतूस चालतं, पॉइंट टू टू.

अमेरिकेत १९३५ साली बेन कम्फर्टने १००० यार्डांचा विम्बल्डन कप ०.३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमने जिंकला. हे काडतूस मुळात शिकारीचं, १९२५ चं. त्या विजयानंतर जास्त दारूच्या मोठ्या काडतुसांची ओढ लागली. धक्काही तसाच मोठा, आणि धक्क्याची धास्ती घेतलेला खांदा दिवसभर नेम धरू शकत नाही. ब्रिटिश परंपरेने उलट वाट धरली. इंग्लंडमधल्या बिझलीच्या मैदानावर लष्कराचंच काडतूस, तेही सगळ्यांना सारखं वाटलेलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे ०.३०३ जाऊन ७.६२ मिलिमीटर, म्हणजे जवळपास ३०८च, आलं. टार्गेट रायफलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आजही तेच, किंवा त्याहून बारीक २२३, आणि ३०८ ची गोळी १५६ ग्रेनपेक्षा हलकीच हवी. अशा स्पर्धेत वारा वाचणाऱ्या डोळ्यांची कसोटी लागते, आणि मला तरी तीच जास्त आवडते.

पण डोळे म्हातारे होतात. उघड्या साइटमधून दिसेनासं झालं तेव्हा कॅनडाच्या जॉर्ज फर्क्युहारसन यांनी दुर्बीण आणि पुढचा टेकू वापरू देणारा प्रकार सुरू केला. त्यांच्या आडनावावरून तो एफ-क्लास. त्यातल्या एफ-टीआर गटात फक्त ३०८ किंवा २२३, तर ओपन गटात ८ मिलिमीटरपर्यंत काहीही. ओपनमध्ये नेमबाजांनी व्हिटवर्थचाच धडा पुन्हा गिरवला : आधी ६.५ मिलिमीटरच्या, मग ७ मिलिमीटरच्या लांब, जड गोळ्या.

त्या मैदानाचं नाव घेतलेलं ६.५ क्रीडमूर हे काडतूस २००७ चं. हॉर्नडी या अमेरिकन काडतूस कंपनीचे डेव्ह एमरी आणि नेमबाज डेनिस डिमिल यांच्या चर्चेतून ते निघालं. काडतुसाचं पितळ मुद्दाम आखूड ठेवलं, म्हणजे लांब गोळी बाहेर ठेवूनही ते मॅगझिनमध्ये मावतं. ताशी १० मैलांचा आडवा वारा असेल तर १००० यार्डांवर १७५ ग्रेनच्या ३०८ पेक्षा १४० ग्रेनची ६.५ साधारण दोन फूट कमी सरकते. अमेरिकेतल्या जुन्या लांब पल्ल्याच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ २० इंचांचं असतं. म्हणजे फरक अख्ख्या वर्तुळाएवढा.

त्याची किंमत नळी मोजते. जास्त दारू अरुंद नळीतून जाते तेव्हा काडतुसापुढचा पहिला इंच-दोन इंच भाजून निघतो. बारीक कॅमेरा आत घातला की तिथे मे महिन्यात आटलेल्या तळ्याच्या बुडासारख्या भेगा दिसतात. ६.५-२८४ सारख्या काडतुसाची नळी हजार-बाराशे गोळ्यांत थकते, ३०८ ची त्याच्या कितीतरी पट टिकते.

म्हणून पुतण्याला मी उलट विचारलं, "तुझा क्लब कोणत्या गटात खेळतो?" एफ-टीआर, तो म्हणाला. मग ६.५ चा विषयच संपला, निवडायची उरली गोळी. चार दिवसांनी त्याने २०० ग्रेनची एक गोळी मोजून लांबी कळवली, १.४३ इंच. मी चिटोरं घेतलं. ०.३०८ चा वर्ग गुणिले १५०, भागिले १.४३. उत्तर आलं ९.९५. नळी दहा इंचांत एक फेरा अशी सांग म्हटलं, त्याने त्याच रात्री ऑर्डर दिली.