एंटर मारल्यावर काय होतं: वेब फॉर्ममधली कळ आणि दूरचा सर्व्हर

ठाण्यात नौपाड्यातली एक पतपेढी. संध्याकाळी सहानंतर पिग्मी एजंट एकेक करून येतात, दिवसभराच्या वसुलीच्या वह्या काउंटरवर ठेवतात आणि आतल्या मॅडम त्या नोंदी संगणकात भरायला बसतात. खाते क्रमांक, एंटर, रक्कम, एंटर. पुन्हा खाते क्रमांक. डोळे वहीवर, बोटं कीबोर्डवर. फॉक्सप्रो या डेटाबेस पॅकेजातल्या जुन्या प्रोग्रॅमवर दीड-दोनशे नोंदी अर्ध्या-पाऊण तासात उरकायच्या. २००६ साली त्या जागी वेबवर चालणारा नवा प्रोग्रॅम आला. तो महापे एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात तयार झाला होता आणि बसवायला मीच गेलो होतो. पहिल्याच संध्याकाळी मॅडमनी खाते क्रमांक टाकला, एंटर मारला आणि समोर लॉगिनचं पान आलं.

"अहो सर, मी फक्त एंटर मारला हो," त्या म्हणाल्या.

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. एंटर मारल्यावर ब्राउझर फॉर्ममधलं पहिलं सबमिट बटण दाबलं गेलं असं धरतो, आणि आमच्या पानावर सगळ्यात वर 'बाहेर पडा' हे बटण होतं. मॅडमची अपेक्षा साधी होती: क्रमांक टाकून एंटर मारला की खातेदाराचं नाव दिसावं. पण कळ दाबली जाते टेबलावरच्या ब्राउझरमध्ये, नाव असतं सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये, आणि ते शोधणारा कोडही तिथेच चालतो. सर्व्हरला कीबोर्ड दिसत नाही. त्याला दिसते फक्त त्याच्यापर्यंत पोहोचलेली विनंती. त्या कळेची विनंती करायची कोणी, कधी आणि कशी, या प्रश्नाला बराच जुना इतिहास आहे.

वेबच्या कितीतरी आधी या प्रश्नाची दोन उत्तरं तयार होती. आयबीएमचं ३२७० टर्मिनल, म्हणजे मुख्य संगणकाला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड, १९७१ चं. त्यावर माणूस आख्खा फॉर्म निवांत भरायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. तोवर मुख्य संगणकाला त्याची गंधवार्ताही नसायची. एंटर किंवा एखादी फंक्शन की दाबली की मग बदललेल्या रकान्यांतला मजकूर एका गठ्ठ्यात जायचा, आणि सोबत कोणती की दाबली तेही कळवलं जायचं. डेक कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलची तऱ्हा उलटी. तिथे दाबलेली प्रत्येक कळ तारेवरून संगणकाकडे जायची आणि पडद्यावर उमटणारं अक्षरही बहुधा तिकडूनच परत यायचं. एकीकडे गठ्ठा, दुसरीकडे एकेक दाणा. पुढच्या प्रत्येक वळणावर याच दोन पद्धतींपैकी एक नव्या नावाने परत आलेली दिसते.

मॅडमच्या फॉक्सप्रोत हा प्रश्नच नव्हता, कारण प्रोग्रॅम आणि कीबोर्ड एकाच मशीनवर. रकान्याला 'व्हॅलिड' हा शब्द जोडला की रकाना सोडताना हवं ते फंक्शन चालायचं. 'ऑन की लेबल' लिहून एफ२ ला खातेदारांची यादी बांधता यायची. नव्वदच्या दशकात ठाण्या-कल्याणच्या दुकानांत, पेढ्यांत, सीएंच्या ऑफिसांत जे लोक संगणक शिकले त्यांच्या बोटांना हीच सवय लागली. एंटर म्हणजे पुढचा रकाना. पत्रव्यवहार नव्हे.

वेबने ३२७० ची वाट धरली. १९९३ मध्ये एनसीएसए या अमेरिकी संशोधन केंद्राच्या मोझॅइक ब्राउझरमध्ये भरायचे फॉर्म आले आणि सर्व्हरच्या बाजूला सीजीआय, म्हणजे आलेला फॉर्म प्रोग्रॅमच्या हाती देण्याची पद्धत, आली. फॉर्म भरा, बटण दाबा, सगळा मजकूर एकदम जाईल, उत्तरादाखल नवीन पान येईल. नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएल २.० चं, म्हणजे वेब पानं लिहिण्याच्या भाषेचं, प्रमाणक निघालं, आरएफसी १८६६ या क्रमांकाचं. टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनली यांच्या या दस्तऐवजात एंटरबद्दल एक छोटंसं वाक्य आहे: फॉर्ममध्ये एका ओळीचा एकच रकाना असेल, तर त्यात एंटर मारणं म्हणजे फॉर्म पाठवण्याची विनंती समजावी. शोधाच्या खिडकीसाठी हे रास्तच होतं. पुढे ब्राउझरांनी ही सोय अनेक रकान्यांच्या फॉर्मलाही लावली आणि तिथून आमच्या 'बाहेर पडा' पर्यंत फार अंतर उरलं नाही.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेचा, पहिला नमुना लिहिला. तेव्हा क्लिक कळायचं, रकाना बदलल्याचं कळायचं, फॉर्म निघाल्याचं कळायचं. एकेक कळ मात्र कळत नव्हती. कीडाउन (कळ खाली गेली), कीप्रेस (अक्षर उमटलं), कीअप (कळ सुटली) हे इव्हेंट, म्हणजे ब्राउझरने दिलेल्या खबरा, ब्राउझरांच्या १९९७ च्या चौथ्या आवृत्त्यांत आले. दाबलेल्या कळेचा आकडा मात्र नेटस्केपमध्ये एका नावाने मिळायचा आणि इंटरनेट एक्सप्लोररमध्ये दुसऱ्या. एकीकडे 'व्हिच' तपासायचं, दुसरीकडे 'कीकोड'. एंटरचा आकडा दोन्हीकडे १३, हीच काय ती सोय.

मग २००२ मध्ये वेबवरचे प्रोग्रॅम लिहिण्यासाठी मायक्रोसॉफ्टचं एएसपी डॉट नेट आलं. ते घडवणाऱ्या मार्क अँडर्स आणि स्कॉट गथ्री यांच्या मनातला हेतू मला आजही मोठा वाटतो: व्हिज्युअल बेसिकमध्ये बटणावर डबलक्लिक करून कोड लिहिणाऱ्या माणसाला वेबवरही तसंच लिहिता यावं. बटणाचं 'क्लिक', रकान्याचं 'टेक्स्टचेंज्ड', सगळे इव्हेंट सर्व्हरवर. हा आभास पेलण्यासाठी पानात दोन लपलेले रकाने असायचे. घटना कुणाची ते एकात, तिच्यासोबत काय सांगायचं ते दुसऱ्यात. 'डूपोस्टबॅक' नावाचं लहानसं जावास्क्रिप्ट फंक्शन ते दोन्ही भरायचं आणि फॉर्म पाठवून द्यायचं. सर्व्हर ते रकाने वाचून योग्य फंक्शनला हाक मारायचा.

या यादीत 'कीडाउन' मात्र नव्हता, आणि तो मुद्दामच नव्हता असं मला वाटतं. प्रत्येक कळेला आख्खं पान सर्व्हरवर जाऊन परत आलं असतं, सोबत व्ह्यूस्टेटचं, म्हणजे पानाची स्थिती लक्षात ठेवणाऱ्या लपलेल्या मजकुराचं, गाठोडंही. साठ किलोबाइटचं व्ह्यूस्टेट डायलअप मोडेमच्या ३३.६ केबीपीएसने नुसतं वर चढवायला चौदा सेकंद लागतात. पण गरज तर होतीच, म्हणून महाप्यापासून जगभर सगळ्यांनी तीच युक्ती केली. पानावर एक बटण ठेवायचं, ते सीएसएसने (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांनी) लपवायचं, रकान्याच्या कीडाउनवर १३ आला की जावास्क्रिप्टमधून त्या बटणावर क्लिक करायचं. किंवा थेट डूपोस्टबॅकला हाक मारून बटणाचं नाव द्यायचं.

वरकरणी चार ओळींचं काम, पण त्यात पाय अडकायला जागा भरपूर. डूपोस्टबॅक हे फंक्शन पानात आपोआप असतंच असं नाही. पानावर नुसती साधी बटणं असतील तर ते लिहिलंच जात नाही आणि एंटर मारल्यावर ब्राउझर म्हणतो, असं फंक्शन नाही. त्यासाठी 'गेटपोस्टबॅकइव्हेंटरेफरन्स' वापरून ते सर्व्हरकडूनच मागून घ्यावं लागतं. शिवाय त्याला बटणाचा युनिकआयडी (सर्व्हरला कळणारं नाव) द्यायचा, क्लायंटआयडी (ब्राउझरमधलं नाव) नाही. एकात डॉलरचं चिन्ह, दुसऱ्यात अंडरस्कोर. त्या एका चिन्हापायी मी एक आख्खा शनिवार ऑफिसात काढला आहे.

सगळ्यात महागात पडली ती वेगळीच गोष्ट. आपण एंटर पकडून आपलं काम केलं, तरी ब्राउझरचं मूळ काम थांबत नाही. ते थांबवायला कीडाउनमधूनच 'फॉल्स' परत द्यावं लागतं. कीअपपर्यंत थांबलात तर फॉर्म केव्हाच निघालेला असतो. आमच्याकडून एका पानावर ते राहिलं. रकमेच्या रकान्यात एंटर मारला की आमची पोस्टबॅक, म्हणजे फॉर्म सर्व्हरकडे पाठवणं, आणि ब्राउझरची, अशा दोन विनंत्या जायच्या. महिनाअखेरीला पन्नास रुपये भरणाऱ्या भाजीवाल्याच्या खात्यावर शंभर दिसले आणि एजंट वही घेऊन पतपेढीत आला. सात खात्यांच्या नोंदी मॅडमनी हाताने ताळून उलट्या केल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यानंतर दोनदा तपासल्याशिवाय मी कीडाउन लिहिलेला नाही.

एएसपी डॉट नेटच्या नोव्हेंबर २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने 'डिफॉल्टबटन' दिलं: फॉर्मला किंवा पॅनेलला सांगून ठेवा की इथे एंटर मारला तर हे बटण. आमचं 'बाहेर पडा' त्यानेच शांत झालं. फोकसचा, म्हणजे टाइप केलेलं कुठे पडेल याचा, प्रश्न तरी उरलाच. पोस्टबॅकनंतर पान नवं येतं आणि कर्सर कुठेच नसतो. वहीकडे बघत टाइप करणाऱ्या बाईंचे पुढचे चार आकडे हवेत जातात. 'सेटफोकस'ने कर्सर रकमेच्या रकान्यात नेऊन ठेवला तेव्हा कुठे मॅडम पुन्हा पडद्याकडे न बघता काम करू लागल्या. कळेवरून सर्व्हरचा कोड चालवणं म्हणजे जाण्याची सोय झाली की काम झालं, असा समज सर्रास असतो. परत आल्यावर बोटं कुठे उतरणार हे ठरवणंही त्याच कामाचा भाग आहे.

दुसरी वाट एव्हाना मोकळी झाली होती. मार्च १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये, मुळात आउटलुकच्या वेबवरच्या रूपासाठी, एक्सएमएलएचटीटीपी हा घटक आला होता. पान न हलवता सर्व्हरशी बोलता येत होतं. बहुतेकांचं तिकडे लक्ष गेलं ते डिसेंबर २००४ मध्ये गूगल सजेस्ट पाहिल्यावर: अक्षर टाइप करा, खाली यादी हलते. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला एजॅक्स हे नाव दिलं. २००७ मध्ये एएसपी डॉट नेटमध्ये पानाचा तुकडाच बदलणारा अपडेटपॅनेल आला. मॅडमचं 'क्रमांक टाकला की नाव' हे आता पानाचा एवढासा तुकडा बदलून होत होतं.

गठ्ठा मागे पडला आणि दाणे परत आले. आणि आपल्या भाषेत दाणे मोजायचं गणित वेगळं आहे, हे मराठी नावांचा शोध बसवताना कळलं. नवी मुंबईच्या गावठाणांतलं घराघरातलं आडनाव घ्या, म्हात्रे. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीवर आधी म, मग पाय मोडलेला म्, मग म्ह, मग म्हा. प्रत्येक कीअपला सर्व्हरकडे जाणारा कोड आधी 'म' ने सुरू होणारे सगळे आणतो, मढवी, मोकल, मुकादम धरून. मग अर्ध्या म् साठी पुन्हा धावतो, जे अजून अक्षरही झालेलं नाही. त्यातून पहिल्या विनंतीचं उत्तर उशिरा आलं तर ते नंतरच्या बरोबर यादीवर येऊन बसतं. म्हणून बोट थांबल्यावर पाव सेकंद ते तीनशे मिलिसेकंद वाट पाहायची आणि नवी विनंती निघताना जुनी रद्द करायची, हे मराठी रकान्यात फार लागतं.

फोनेटिक कीबोर्डवर आणखी एक गाठ. तिथे रोमन अक्षरांतून मराठी शब्द जुळतो आणि सुचवलेला शब्द पक्का करायला लोक एंटरच मारतात. तो एंटर शब्दासाठी असतो, फॉर्मसाठी नाही. इव्हेंटमधलं 'इजकम्पोझिंग' पाहिलं तर हे ओळखता येतं. जुना कीकोड पाहिला तर १३ ऐवजी २२९ येतो. अँड्रॉइडच्या कीबोर्डवर तर बहुतेक सगळ्याच कळांना २२९. कीकोड आता कालबाह्य ठरवलाय, त्याऐवजी 'की' वापरायचं आणि मजकूर बदलल्याची खबर 'इनपुट' इव्हेंटकडून घ्यायची. मराठी टाइप न करणाऱ्याने लिहिलेल्या फॉर्ममध्ये अर्धं नाव सेव्ह झालेलं मी आजही पाहतो, आणि दर वेळी वाईट वाटतं.

सप्टेंबर २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ब्लेझर सर्व्हर आला. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात वेबसॉकेटची तार कायम जोडलेली, आणि 'ऑनकीडाउन' लिहिलं की सर्व्हरवरचं सी शार्प फंक्शन चालतं. लपलेलं बटण नको, डूपोस्टबॅक नको. व्हीटी१०० चीच तऱ्हा, चाळीस वर्षांनी. सर्व्हर रबाळे-महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये असेल तर कळ काही मिलिसेकंदांत जाऊन येते. तोच अमेरिकेत असेल तर दोनशेच्या वर जातात आणि भराभर टाइप करणाऱ्याला रकाना जड वाटू लागतो. त्यामुळे मी आजही एंटर, टॅब आणि एखादी फंक्शन की एवढ्याच सर्व्हरकडे सोडतो, बाकीच्या ब्राउझरमध्येच ठेवतो.

नवा फॉर्म तयार झाला की आमच्याकडे एक चाचणी ठरलेली आहे. टेबलावरचा माउस काढून ड्रॉवरमध्ये ठेवायचा, शेजारी नोंदींची वही उघडायची आणि पन्नास नोंदी भरायच्या, वहीवरून नजर न उचलता.