लुईझियानाच्या मळेघरांची दारे-खिडक्या

मळेघराच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लुईझियानातल्या मळेमालकाच्या मोठ्या घराच्या, धर्तीवर घर बांधायचे म्हटले की बहुतेकांचे लक्ष आधी खांबांकडे जाते. पण ही घरे राहण्याजोगी होती ती दारे-खिडक्यांमुळे.

लुईझियानात मिसिसिपी नदीच्या काठी 18व्या शतकात फ्रेंच वसाहतवाल्यांनी बांधलेली घरे (त्यांना क्रिओल घरे म्हणतात) जमिनीपासून उंच उचललेली, पुढे रुंद व्हरांडा असलेली. आत सहसा पॅसेज नसे. एका खोलीतून दुसरीत किंवा थेट व्हरांड्यात जायचे. म्हणून खोल्यांना दोन पाखांची काचेची दारे, तीही समोरासमोर, म्हणजे दमट उकाड्यात वारा आरपार जाई. चार्ल्स पाके या स्वतंत्र कृष्णवर्णीय कारागिराने 1787 ते 1790 मध्ये उभारलेले डेस्ट्रेहान हे मळेघर मुळात याच घडणीचे.

1803 साली अमेरिकेने लुईझियाना विकत घेतला आणि नवे मळेवाले आपली पद्धत घेऊन आले: घराच्या मधोमध पॅसेज, मुख्य दाराच्या दोन्ही अंगांना अरुंद तावदाने, डोक्यावर काचेची पट्टी, आणि वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या. या खिडकीची वरची चौकट थोडी खाली ओढायची, खालची वर सरकवायची. छताजवळची गरम हवा वरून बाहेर पडते, गार हवा खालून आत येते. पुढे ग्रीक वळणाचे खांब आले. ओक ॲली मळ्याचे 28 खांबांचे घर 1837 ते 1839 मधले.

हे वैभव उसाच्या पैशावर आणि गुलामांच्या श्रमावर उभे होते. त्याच मळ्यांवर गुलामांच्या खोपटांना अनेकदा काचच नसे. खिडकी म्हणजे भिंतीतले भोक आणि लाकडी झडप. व्हिटनी मळ्यावर 2014 पासून त्यांच्या आयुष्याचे संग्रहालय आहे. या शैलीच्या प्रेमात पडणाऱ्याने तेही पाहायलाच हवे, असे मला मनापासून वाटते.

मोठ्या घरांच्या झडपाही निव्वळ शोभेच्या नव्हत्या. तिरप्या पट्ट्यांतून ऊन अडे, वारा येई; वादळात झडपा लावून घेत. त्यासाठी प्रत्येक पाख खिडकीच्या बरोबर निम्म्या रुंदीचे, बिजागऱ्यांवर फिरणारे, उघडल्यावर लोखंडी आकड्याने भिंतीला अडकवलेले. लाकूड बहुधा दलदलीत वाढणाऱ्या सायप्रस झाडाचे. त्याचा गाभा लवकर कुजत नाही. आज भिंतीला स्क्रूने ठोकलेल्या प्लॅस्टिकच्या अरुंद झडपा सर्रास दिसतात. त्या मिटतच नाहीत, त्यामुळे ऊनही अडत नाही आणि वादळात काचही वाचत नाही.